तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आपल्याला लव्हॉनचा अजिबात हेवा वाटत नाही, असं आर्डिस दिवसातून चार वेळा म्हणायची. भांडी विसळताना म्हणायची, मर्लचे लोकरी मोजे जोडीला लावताना म्हणायची, आणि दारातलं बर्फ फावड्याने ओढताना तर चांगलं मोठ्याने म्हणायची, "काढू दे की दुकान! माझं काय जातंय?" आता जिचं काही जात नाही, ती बाई हे सारखं कशाला बोलून दाखवेल? पण तसं तिला तोंडावर विचारायची टॅमरॅक लेकमध्ये कुणाची प्राज्ञा नव्हती. तिचा नवरा मर्ल, तो तर बिचारा कानटोपी चढवून गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघून जायचा.

पुढचा घोळ कळायचा तर आमच्याकडची एक रीत आधी ठाऊक हवी. आम्ही उत्तर मिनेसोटातली माणसं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "नको, नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "छे, उगीच कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदी थोडं" म्हणून बशी पुढे करायची. पहिल्या फटक्यात हो म्हणेल तो हावरट, आणि दोनदाच विचारून थांबेल तो मनातून द्यायचं नसलेला. मग तो पाईचा तुकडा असो, गाडीतून घरी सोडणं असो, नाहीतर लग्न असो. मर्लने आर्डिसला तीनदा मागणी घातली होती. पहिल्यांदा ती म्हणाली, "छे, माझ्यासारखीशी कशाला?" दुसऱ्यांदा म्हणाली, "तुझ्या आईला आवडायचं नाही." तिसऱ्यांदा म्हणाली, "बरं, चालेल." तेव्हापासून चाललंय आपलं.

लव्हॉन आणि आर्डिस पहिलीपासूनच्या मैत्रिणी. लव्हॉनचा जन्म गेला गावच्या पोस्टाच्या खिडकीत आणि आर्डिसचा चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. गावात लग्न असो की मयत, तळघरात ते मोठं निळं भांडं चढवून, कॉफीच्या भुकटीत अंडं फोडून कालवून, ती उकळणारी बाई म्हणजे आर्डिस. अंड्याबरोबर सगळा गाळ खाली बसतो आणि वर नितळ कॉफी राहते. लोक तीन-तीन कप प्यायचे आणि म्हणायचे, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नसते.

सप्टेंबरात एका मयतीचं जेवण आटोपल्यावर दोघी तळघरात कप पुसत होत्या. लव्हॉन म्हणाली, "पोस्टातून सुटले, आता घर खायला उठतं गं. रॉय गेल्यापासून तर बोलायलाही कुणी नाही. ते तळ्याकाठचं गळ आणि गांडुळांचं दुकान रिकामं झालंय ना, ते घेईन म्हणते. कॉफीचं दुकान काढायचं. येतेस माझ्याबरोबर? दोघी मिळून करू."

आर्डिसच्या हातातला कप सुटता सुटता राहिला. आनंदाने तिचे कान तापले. पन्नास वर्षं वाट पाहावी आणि कुणीतरी हेच विचारावं, असं तिला झालं. पण तोंडाला लागलेलं वळण! तोंड म्हणालं, "छे गं, मी कसली? मला काय कळतंय दुकानातलं?"

लव्हॉन कप पुसत राहिली. आठवड्याने दोघी बाजार करून परतत होत्या, तेव्हा लव्हॉनने त्या रिकाम्या दुकानापुढे गाडी उभी केली. "बघ ना, खिडकी तळ्याकडेच आहे. येतेस का, आर्डिस? खरंच विचारतेय."

"मर्लचा गुडघा कुरकुरतोय गं," आर्डिस म्हणाली. "तू आपली एखादी तरुण मुलगी बघ."

किती झोकात नाही म्हटलं तिने! इतकं रीतीला धरून, की घरी येईपर्यंत ती स्वतःवरच खूश होती. आता एकदाच विचारायचं राहिलंय. त्या रात्री तिने मनातल्या मनात पडदे शिवले, निळ्या चौकड्यांचे. भांडं कुठे ठेवायचं ते ठरवलं. लव्हॉन गल्ल्यावर, आपण मागे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोघींच्या पत्त्यांचा डाव. "रविवारी विचारेल बघ," ती मर्लला म्हणाली. मर्लने विचारलं, "मग आधीच हो का नाही म्हणालीस?" त्यावर तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पुन्हा टोपी शोधायला घेतली.

रविवारी लव्हॉन चर्चमध्ये आली ती एका मुलीला घेऊन. मुलगी कसली, चौतिशीची बाई. लव्हॉनच्या भावाची लेक, कॅसिडी. ॲरिझोनाच्या वाळवंटातून घटस्फोट आणि दोन बॅगा घेऊन आत्याकडे आलेली. प्रार्थना संपल्यावर लव्हॉन हसत सांगत होती, "मी नुसतं म्हटलं, दुकानात मदतीला कुणीतरी हवंय, तर ही म्हणाली, मी आहे ना! माझं वाक्यही पुरं झालं नव्हतं."

वाक्यही पुरं झालं नव्हतं! आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या फटक्यात हो? लाज नाही, लज्जा नाही! आणि लव्हॉनला ते आवडलं? ती हसतेय? आर्डिस ओठ ताणून म्हणाली, "वा, छान झालं हो." आणि तळघरात जाऊन तिने कपांचा असा खडखडाट केला, की वर पाद्रीबुवांना ऐकू गेला.

ती अजूनही तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत होती, हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात झाडं उघडी पडली, नोव्हेंबरात तळ्याच्या कडेने बर्फ धरलं, आणि लव्हॉन काही विचारेना.

विचारायला तिला वेळ तरी कुठे होता? दुकानाचा वास घालवण्यात महिना गेला. वीस वर्षांची गांडुळं भिंतींत मुरलेली. दोघींनी व्हिनेगर लावून लाकूड घासलं. मासळीची टाकी काढून तिथे कॉफीचं यंत्र बसवलं. सगळा गाव या बातम्या आणून आर्डिसच्या ओट्यावर ठेवायचा, जणू तिलाच त्या हव्या होत्या. लव्हॉनने केस कापले म्हणे. लव्हॉन आणि कॅसिडी शहरात जाऊन सात ठिकाणची कॉफी चाखून आल्या म्हणे, आणि रात्रभर झोप न आल्याने स्वयंपाकघरात हसत बसल्या म्हणे. दर गुरुवारचा दोघींचा पत्त्यांचा डाव बंद झाला. "या गुरुवारी नको गं, रंगारी येतोय," लव्हॉन फोनवर म्हणायची, आणि आर्डिस म्हणायची, "अगं, ठीक आहे, मलाही कामं आहेतच." फोन ठेवून ती पत्त्यांच्या डावातले गुण मांडायची फळी फडताळातून काढायची, पुसायची आणि परत ठेवायची.

पण खरा घाव बसला तो जानेवारीत. लव्हॉनने तिला दुकान बघायला बोलावलं. आर्डिस गेली, लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन गेली, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायची आमच्याकडे पद्धत नाही. दुकान सुरेख झालं होतं. ते इतकं सुरेख असेल असं तिला वाटलं नव्हतं, म्हणून तिच्या पोटात जास्तच दुखलं. पडदे नव्हतेच. कॅसिडी म्हणे, "तळं दिसू दे ना."

"कॉफी घेता का, आर्डिस?" कॅसिडीने विचारलं.

"नको, नको."

"बरं," असं म्हणून कॅसिडी वळली आणि कामाला लागली.

बरं! आर्डिस हातमोजे धरून तशीच उभी. नवीन दुकानात, नव्या यंत्रासमोर, कॉफीचा घमघमाट सुटलेला आणि हिच्या हातात काही नाही! एवढ्यात ती मुलगी आतून ओरडली, "व्हॉनी आत्या, दूध कुठे ठेवलंस?"

व्हॉनी. पहिलीच्या वर्गात, एका बाकावर, आर्डिसने ठेवलेलं नाव ते. रॉयसुद्धा बायकोला लव्हॉन म्हणायचा. पन्नास वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते नाव आलं नव्हतं, आणि लव्हॉनने "खालच्या कप्प्यात गं" म्हणून खुशाल ओ दिली.

त्याच दिवशी दोघींची खटपट चालली होती ती त्या ऑनलाइन ऑर्डरची. कल्पना कॅसिडीची. हिवाळ्यात निम्मा गाव तळ्याच्या बर्फावर आपापल्या खोपटात, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसलेला. त्यांनी तिथूनच फोनवर कॉफी सांगायची, तयार झाली की त्यांना निरोप जायचा, आणि बर्फावरच्या गाडीने येऊन खिडकीतून घेऊन जायची. पहाटे मासेवाल्यांना गांडुळं द्यायची जुनी खिडकी होतीच. वाद होता तो पैशांवरून. कॅसिडी म्हणत होती, "आत्या, पैसे आधी घ्यायचे. नाहीतर लोक सांगतील आणि येणारच नाहीत."

"ते तुझ्या ॲरिझोनात," लव्हॉन म्हणाली. "आमच्या गावात माणसाने येतो म्हटलं की येतो. पैसे खिडकीपाशी घ्यायचे. विचार आर्डिसला!"

"खरं आहे," आर्डिस म्हणाली. "आमच्याकडे तसं कुणी करत नाही."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आर्डिसच्या फोनवर एक निरोप आला. 'आर्डिस, तुमची कॉफी तयार आहे. खिडकीपाशी या.' कुठल्याशा अनोळखी नंबरवरून. मर्ल म्हणाला, "लुबाडणारे असतात. बोट लावू नकोस." आर्डिसने तो पुसून टाकला आणि विसरली.

दुकान उघडलं फेब्रुवारीत, तळ्यावरच्या मासेमारीच्या शर्यतीच्या शनिवारी. सकाळी हवा अशी, की नाकातले केस कडक व्हावेत. मर्लचा गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता. जाताना दारात घुटमळून त्याने विचारलं, "तू यायची नाहीस का? उद्घाटन आहे तिचं."

"मला कुणी विचारलंय?"

"गावभर पाटी लावलीय की. सगळ्यांनी या म्हणून."

"सगळ्यांनी!" आर्डिस म्हणाली. "मी काय सगळ्यांतली आहे?"

मर्ल गेला. आर्डिस स्वयंपाकघरात बसली. तिच्या खिडकीतून तळ्याचं टोक दिसतं. बर्फावरच्या गाड्या एकामागून एक दुकानाकडे वळताना दिसत होत्या. तिने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग तिने फोन घेतला आणि दुकानाचं पान उघडलं, नुसतं बघायला म्हणून. पानावर वरच फोटो होता. लव्हॉन आणि कॅसिडी, दोघींच्या अंगात निळ्या चौकड्यांचे एप्रन.

निळ्या चौकड्यांचे! तिच्या पडद्यांचं कापड! ते पडदे तिने फक्त मनातच शिवले होते आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी सुचलंच नाही. तिला वाटलं, हिने तेही घेतलं. माझी जागा घेतली, माझे गुरुवार घेतले, माझं नाव घेतलं, आणि आता पडदेसुद्धा. तिने डोळे पुसले आणि 'ऑर्डर द्या'वर बोट दाबलं.

पान विचारत होतं: नाव? तिने लिहिलं, बर्निस, गावातलीच एक. फोन नंबर? नंबराशिवाय पुढे जाईना, म्हणून तिने आपला घातला. नंबराला काय, नुसते आकडे तर आहेत. काय हवं? एक मोठी कॉफी, चॉकलेट आणि वर साय. केव्हा येता? आत्ता. बोट दाबलं आणि ऑर्डर गेली.

करू दे तयार. बसू दे वाट बघत. साय विरघळेल, कॉफी थंड होईल, आणि ती ॲरिझोनाची सटवी म्हणेल, बघ आत्या, सांगत नव्हते? नुसत्या विचाराने आर्डिसला असं बरं वाटलं, की तिने दुसरी ऑर्डर टाकली, एल्मरच्या नावाने. मग ग्लेन. मग ग्लेनच्या बायकोच्या नावाने दोन. मग नावं सुचेनात तेव्हा तिने चर्चच्या गायनमंडळाच्या मागच्या रांगेला बोलावलं. प्रत्येक ऑर्डर आधीच्याहून अवघड: याला दूध बदामाचं, त्याला साखर जळवलेली, तिला फेस जास्त. इतकं मन लावून तिने आयुष्यात कुणाला जेवू घातलं नसेल.

आणि फोन थरथरला. 'आर्डिस, तुमची कॉफी तयार आहे. खिडकीपाशी या.'

ती बघतच राहिली. आर्डिस? तिने तर बर्निस लिहिलं होतं. पुन्हा थरथर. 'आर्डिस, तुमची कॉफी तयार आहे.' एल्मरची. पुन्हा. पुन्हा. फोन टेबलावर किड्यासारखा सरकत होता आणि दर वेळी तिचंच नाव घेत होता. तिने तो पालथा घातला, तरी तो गुरगुरत राहिला. मग तिला जानेवारीतली ती संध्याकाळ आठवली. तेच शब्द होते. दुकानातल्या ऑर्डर घेणाऱ्या यंत्राला तिचा नंबर नावासकट ठाऊक होता. कुणाच्याही नावाने सांगा, कपावर नाव चिकटत होतं आर्डिसचंच, आणि लव्हॉन ते एकेक वाचत होती.

काय करावं? जाऊन घेऊन यावं? काय सांगून? लपावं तर कुठे, स्वतःच्याच घरात? ती उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती, तोवर दार वाजलं.

दारात लव्हॉन. अंगात कोट नाही, नुसता तो एप्रन, भुवयांवर हिम, आणि मुठीत ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा चुरगळा.

"थंडी आहे," लव्हॉन म्हणाली.

"हो, आहे," आर्डिस म्हणाली. "पण कोरडी आहे."

"वारा नाही ते बरं."

"वारा असता तर कठीण होतं."

आमच्याकडे घराला आग लागली तरी आधी हवेचं बोलून घेतात. ते झाल्यावर लव्हॉन आत आली, चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "तुझ्या कॉफ्या तयार आहेत."

आर्डिसने फडकं उचलून पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"पहिल्या दोन आल्या तेव्हा मला काय वाटलं सांगू?" लव्हॉनचा आवाज कापत होता, थंडीने की कशाने कोण जाणे. "मला वाटलं, तुला यायला लाजल्यासारखं झालंय, म्हणून गावाला कॉफी पाजून तू दुकानाला हात देतेयस. मी कॅसिडीला म्हटलं, बघ, अशी आहे माझी आर्डिस! सगळ्यांसमोर म्हटलं. मग पुढच्या आल्या. खिडकीबाहेर खरी माणसं थंडीत उभी, आणि आम्ही तुझा बदामाचा फेस काढतोय. कॅसिडी म्हणाली, आत्या, कुणी घ्यायला येणार नाहीये. आणि मी म्हटलं, आमच्या गावात तसं कुणी करत नाही."

"माझं नाव तुझ्या त्या यंत्रात गेलं कसं?" आर्डिस म्हणाली. एवढ्या सगळ्यातून तिला बोलायला हेच सापडलं.

"मी घातलं. यंत्र चालतंय का बघायला कॅसिडीने एक नाव, एक नंबर मागितला. मला जगात एकच नंबर तोंडपाठ आहे, बाई! पहिलं गिऱ्हाईक म्हणून तुझं नाव घातलं. निरोप गेला. मी त्या संध्याकाळी सहाच्या पुढेही खिडकी उघडी ठेवून बसले होते. म्हटलं, येईल. कॉफी करून ठेवली होती तुझ्यासाठी."

आर्डिसला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शरमेच्या खाली तो जुना राग होताच, आणि तोच उसळून वर आला.

"मग तिसऱ्यांदा विचारलं का नाहीस?" ती ओरडली. आर्डिसला ओरडताना त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. "दोनदाच विचारलंस! दोनदा! मी वाट बघत बसले लव्हॉन, महिने काढले मी! आणि ती कालची पोरगी तुला व्हॉनी म्हणते!"

लव्हॉन खुर्चीवर मटकन बसली.

"विचारणार होते," ती म्हणाली. "गाडी घेऊन तुझ्या दारापर्यंत आले होते एकदा. आणि परत गेले."

"का?"

"कारण तिसऱ्यांदा विचारलं की तू हो म्हणतेस! कशालाही म्हणतेस, आर्डिस! तळघराच्या किल्ल्या तशाच घेतल्यास आणि अजून सुटली नाहीस. जाऊबाईचं ते आंधळं मांजर तसंच घेतलंस. मर्ललासुद्धा तशीच हो म्हणालीस. म्हणालीस की नाही? मला काय कळणार, तुला यायचंय की तुझी नाही म्हणायची मुदत संपलीय? माझ्याकडे फार काही उरलेलं नाही गं. तू रीत म्हणून माझ्या शेजारी उभी राहशील, हे मला सोसलं नसतं. त्यापेक्षा ती पोरगी बरी. तिचं हो म्हणजे हो असतं."

लव्हॉन उठली. दारापाशी जाऊन वळली. आर्डिसला वाटलं, आता विचारेल. आता तिसऱ्यांदा.

"मी विचारणार नाही," लव्हॉन म्हणाली. "आज तर नाहीच. रांग लागलीय, ती एकटी आहे. येते मी."

आणि ती गेली. खिडकीतून आर्डिसने पाहिलं, कोट न घातलेली, खांदे आवळून, घसरत घसरत जाणारी तिची मैत्रीण. टेबलावरचा फोन पुन्हा गुरगुरला. गायनमंडळाच्या मागच्या रांगेतला शेवटचा माणूस असावा.

न बोलावता जायचं? आमच्याकडे हे कुणी करत नाही. चुलतभावाच्या लग्नालासुद्धा पत्र उशिरा आलं म्हणून न गेलेली माणसं आहेत आमच्यात. आर्डिसने बूट घातले. कोट घातला. सवयीने फडताळ उघडून काय न्यावं म्हणून पाहिलं, वड्या होत्या, मुरंबा होता. तिने फडताळ लावून टाकलं आणि रिकाम्या हाताने बाहेर पडली.

दुकानापुढची रांग तळ्याच्या काठापर्यंत गेली होती. लोक पाय आपटत उभे होते. मर्लही होता, आणि बायकोला बघून त्याने हातातला कप पाठीमागे लपवला. आर्डिस कुणाकडे न बघता रांगेच्या कडेने गेली. गांडुळांच्या त्या जुन्या खिडकीपाशी थांबली. आत कॅसिडीचे केस कपाळाला चिकटले होते, बाहीवर दूध सांडलं होतं, आणि तिच्या मागे फळीवर ओळीने कप मांडलेले. आर्डिस, आर्डिस, आर्डिस, आर्डिस. साय केव्हाच बसली होती.

कॅसिडीने तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी काही झाकून ठेवणारी नव्हती. तिला सगळं कळलंय, हे तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. तिने कपांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, परत आर्डिसकडे पाहिलं.

"आत येता का?" तिने विचारलं.

आर्डिसचे ओठ आपोआप गोल व्हायला लागले. नको, नको, तुमची गर्दी आहे, मी आपली सहज. सगळं जिभेवर तयार होतं. आणि तिला पक्कं ठाऊक होतं, ही मुलगी एकदाच विचारते.

"हो," आर्डिस म्हणाली. रांगेतल्या चार जणांनी माना वळवल्या. म्हणून तिने पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, "हो. मला यायचंय."

यंत्रापुढे उभ्या लव्हॉनचे हात क्षणभर थांबले. ती वळली नाही. तिने पाठमोरीच खुंटीकडे हात केला, तिथे तिसरा एप्रन लटकत होता, घडी न मोडलेला.

"आणि ते कप तुझे आहेत," ती म्हणाली. "सगळे पिऊन संपवायचे. या गावात कॉफी कुणी फेकत नाही."

आर्डिसने एप्रन बांधला, फळीवरचा पहिला थंडगार कप उचलला आणि उभ्या उभ्या प्यायला सुरुवात केली.